तीनशे किलोमीटरची चड्डी

३ मार्च, सकाळी अकरा

नर्सबाई, चष्मा कपाळावर आहे, ड्रॉवर उपसू नका. काल पेन विसरलात, परवा वहीच वरच्या मजल्यावर तुमच्या घरी राहिली. आणि म्हणे तीस वर्षं वॉर्डात कोणाला कुठली गोळी हे तोंडपाठ होतं. पेशंट वाचले कसे?

लिहा. मला अक्षर येत नाही, म्हणून वही माझी आणि हात तुमचा. मध्ये आपली मतं घालायची नाहीत. वही वाचून दाखवायची ती फक्त मला.

विषय: चड्डी.

नात दुकानातून सायकलच्या तीन चड्ड्या घेऊन आली. घरी घालून बघायच्या, एक ठेवायची, दोन परत. काळ्या, अंगाला जळवेसारख्या चिकटणाऱ्या, आणि दोन पायांच्या मध्ये शिवलेली गादी. माणसानं बसायला सीट केली, ती बोचते म्हणून चड्डीत गादी केली. सीटलाच गादी लावा म्हटलं, तर हसली.

बावीस तारखेला तिची तीनशे किलोमीटरची राइड आहे. वीस तासांच्या आत संपवायची. मागच्या वेळी दोनशे दहावर उतरली, कारण बसायची जागा सोलून निघाली होती. या वेळीही अर्धी राहिली तर सहाशेच्या राइडला घेणार नाहीत. म्हणजे सगळं अडलंय ते चड्डीपाशी.

आणि घरात चाळीस वर्षं शिवणाचं मशीन चालवलेली बाई जिवंत असताना पोरगी दुकानात जाते!

संकल्प: चड्डी मी शिवणार. चार दिवस पुरेत. तीन म्हणणार होते, पण गर्व बरा नव्हे.

४ मार्च

दुकानातल्या पोरीनं नातीला ज्ञान पाजलं. बायकांची बसायची हाडं पुरुषांपेक्षा लांब-लांब असतात, म्हणून गादी मागे रुंद हवी. मधोमध शिवण नको. चाळीस वर्षं बायकांच्या मागच्या बाजूला टाचण्या लावल्या मी. मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

पुढे ऐका. आतून काही घालायचं नाही म्हणे! चड्डी थेट अंगावर. वर त्या गादीला मलम चोपडायचं, पावाला लोणी लावतात तसं. आमच्या वेळी लाज होती, मलम नव्हतं.

नातीची सायकल तिच्या खोलीतच असते. मागचं चाक लोखंडी स्टँडमध्ये पकडलेलं. तासभर पायडल मारायचे, घाम गाळायचा आणि पोचायचं कपाटापर्यंतसुद्धा नाही. त्यावर बसून तिनं तिन्ही पारखल्या. सगळ्यात जाड होती ती पहिली नापास केली! म्हणाली, आजी, जाड गादी पहिला तास मऊ लागते, मग गोळा होते नि घासते. पातळ, घट्ट, जागची न हलणारी पाहिजे. ठेवली ती इतकी पातळ की माझी पापडासारखी कातडीही जाड वाटावी.

मऊ म्हणजे काय हेच या पिढीला माहीत नाही.

५ मार्च, दुपारी

सून ऑफिसात, नात ऑफिसात. घरात मी आणि ती चड्डी.

उसवली.

असं तोंड करू नका, लिहा. शिंपीण उसवूनच शिकते. पहिल्या मालकिणीचा कोट मी रात्रीतून उसवून परत शिवला होता, तिला पत्ता लागला नाही. आत बघितलं तर काय, स्पंजाचे तीन पापुद्रे. बस्स. एवढ्यासाठी एवढा तोरा.

परत शिवताना जरा वेळ लागला. कपडा रबरासारखा ताणतो, माझी सरळ टीप ताणत नाही. ताणली की तटातट तुटते. मग दुहेरी टीप मारली, मधोमध. आता आधीपेक्षा मजबूत झालीय. नातीला सांगायची गरज नाही. नर्सबाई म्हणाल्या, आजी, ते मधोमध नको होतं ना? मी म्हटलं, तुम्ही इंजेक्शनं द्या.

संध्याकाळी नातीनं विचारलं, आजी, माझी नवी चड्डी कुठंय? धुवायला टाकली म्हटलं. खोटं नाही. टाकणारच होते.

९ मार्च

चार दिवस संपले. चड्डी तयार. उत्कृष्ट.

गादीत जुन्या रजईचा कापूस भरला, चांगला दोन बोटं जाड. नातीचं माप घ्यायलाही लागलं नाही. मी आकडे लिहीत नाही, प्रत्येक गिऱ्हाइकाची एक दोरी. कंबरेला एक गाठ, मांडीला दोन, लांबीला तीन. नातीची दोरी डब्यात होतीच, तिच्या शाळेच्या निरोपसमारंभाचा ड्रेस शिवला तेव्हाची. दोरी खोटं बोलत नाही.

नातीनं चढवली. गुडघ्यापर्यंत आली आणि थांबली.

पोरीच्या मांड्या सुजल्यात. डॉक्टरला दाखव म्हटलं. म्हणाली, आजी, मी तेव्हा सोळा वर्षांची होते, आता एकोणतीस. सुजायला एवढं कारण पुरे का?

१२ मार्च

नवी दोरी. नातीला सरळ उभं करून माप घेतलं, कारण माणसं उभीच असतात. चड्डी परत शिवली. या वेळी वर चढली. विजय.

मग ती सायकलवर वाकली. पाठीमागून चड्डी चार बोटं खाली आली आणि पुढं सगळा कापूस पोटाखाली जमला. सून दारात उभी होती, ती एकदम स्वयंपाकघरात गेली. तिला खोकला झाला. बराच वेळ.

नात म्हणाली, आजी, मस्त आहे गं. आणि दहा मिनिटांत उतरली. तहान लागली म्हणाली. बाटली सायकललाच लावलेली होती, पण तिला ताजं पाणी आवडतं.

तरी सुधारणेला वाव असतोच. काय नडतं तेवढं सांग म्हटलं. कंबरेचं इलॅस्टिक पोटात रुततं म्हणाली. त्यावर म्हणे उपाय आहे, खांद्यावरून पट्टे. पण मग बाईला वाटेत लघवीला बसायचं तर अंगातला शर्टसुद्धा काढावा लागतो, आडोसा असो नसो. म्हणून काही कंपन्यांनी मागे हूक दिलाय, तो सोडला की मागची बाजू खाली येते. तेवढं सांगताना मात्र तिच्या तोंडावरचं हसू गेलं. मागच्या वेळी एकशे साठनंतर तिनं पाणी प्यायचंच सोडलं होतं, उतरावं लागू नये म्हणून.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

असो. हूक मी लावणार. पोलादी. त्या कंपन्यांना काय येतंय.

१५ मार्च

या वेळी नातीला सायकलवर वाकवून माप घेतलं. पाठीची दोरी उभ्यापेक्षा वीतभर लांब भरली. मी पहिल्यापासून हेच म्हणत होते.

पट्टे, हूक, कापूस. आतून वेगळी पातळ चड्डीही जोडून टाकली, म्हणजे लाज राखली गेली आणि नियमही. नर्सबाई म्हणतात, दोन कापडं एकमेकांवर घासणार, त्यांच्यामध्ये कातडी सापडणार. घाम कापसात मुरेल तो वेगळाच. तीस वर्षं जखमा बघितल्यात म्हणे. जखमा बघणारीला जखमाच दिसणार.

नात म्हणाली, आजी, ऑफिसात काम फार आहे, रविवारनंतर घालून बघते. पोरगी कामसू आहे.

संकल्प: तोवर मी स्वतः परीक्षा घेणार. ज्यानं शिवलं त्यानं बसावं.

१७ मार्च, दुपारी तीन

उभ्यानं सांगते आहे. उभ्यानं विचार चांगले सुचतात.

सकाळी दहाला घरात कोणी नव्हतं. चड्डी घातली. माझ्या अंगाला ती मोठी, तरी पट्ट्यांना गाठी मारून भागवलं. स्टुलावर चढून सायकलवर बसले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. पहिली पाच मिनिटं स्वर्ग. दुकानवाल्यांनो, या आणि बघा म्हटलं.

दहाव्या मिनिटाला कापूस एका बाजूला गेला. पंधराव्याला दुसऱ्या. मधली शिवण कुठे आहे ते मला नेमकं कळायला लागलं.

मग उतरायला गेले तर स्टूल लांब सरकलेलं आणि मागचा पोलादी हूक सीटच्या टोकाखाली अडकलेला. उतरू म्हटलं तर चड्डी सोडेना, चड्डी सोडू म्हटलं तर हूक माझ्याच पाठीमागे. बसून राहिले. करमेना म्हणून पायडल मारले. सून साडेबाराला जेवायला घरी आली. तिनं मला बघितलं, पर्स खाली ठेवली आणि विचारलं, आई, कुठपर्यंत पोचलात?

या सुनेच्या जिभेला हाड नाही.

निष्कर्ष: सीट वाईट आहे. चड्डीत दोष नाही.

१८ मार्च

नर्सबाईंनी मलम लावलं. जखमेचं वर्णन वहीत लिहायचं नाही.

२० मार्च, सकाळी

अजूनही उभीच. सून खुर्ची पुढे करते आणि तोंड फिरवते.

कापूस थोडा कमी केला. आतली चड्डी काढून टाकली. माझं मत बदललं म्हणून नाही, कापड वाया जात होतं म्हणून. मधली शिवण ठेवली, नाहीतर दोन्ही बाजू जोडणार कशाला? दुकानवाले कसे जोडतात ते उसवलं तेव्हा बघायला हवं होतं, पण तेव्हा मी हसत होते.

एक गोष्ट मनाला लागून आहे. नातीकडे आता चड्ड्या दोनच. एक जुनी, जिनं तिला सोललं ती. दुसरी माझी. दुकानातली मी मजबूत केली, ती कपाटात मागे आहे, ती कोणी घालू नये. परवा पहाटे ती निघणार. दोनशे दहाच्या पुढे ती गेली नाही तर कोणाच्या चड्डीत गेली नाही हे घरभर होणार.

सांगून टाकावं का? नको. राइडच्या तोंडावर पोरीचं मन विचलित करू नये. तिच्यासाठीच गप्प आहे मी.

२१ मार्च, संध्याकाळी

चड्डी कागदात गुंडाळून दिली. नातीनं मला मिठी मारली, जरा जास्त वेळ. दुखतंय तिथे हात लागणार नाही अशी, वरच्या वर. म्हणाली, आजी, बॅगेत ठेवते.

मी म्हटलं, वाटेत दुखलं तर उतर. पाणी पीत जा. तेवढंच म्हटलं.

२२ मार्च

पहाटे चारला गेली. दिवसभर फोनवर ठिपका दिसतो म्हणे ती कुठे आहे त्याचा. मला कशाला हवाय ठिपका. तरी दर तासाला सुनेला विचारलं. एकशे चाळीस. एकशे नव्वद. दोनशे दहावर ठिपका थांबला. मी मशीनचं झाकण पुसलं. मग परत पुसलं.

वीस मिनिटांनी हलला.

२३ मार्च, दुपारी

पुरी झाली. सतरा तास चाळीस मिनिटं. सहाशेला नाव लागलं.

आता लिहा, आणि पेन खाली ठेवू नका, कारण आता तुमचीच पाळी आहे. नातीनं घातली होती ती नवी चड्डी. दुकानातली, तशीच पातळ, पापुद्र्याची, पण खांद्यावर पट्टे नि मागे हूक असलेली. सहा तारखेला विकत घेतलेली. म्हणजे मी उसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी! तिला सांगितलं कोणी? घरात त्या दुपारी मी होते आणि वही लिहिणारा हात होता. घरभेदी बाई! अठरा दिवस माझ्यासमोर बसून एकेक शब्द टिपून घेतलात आणि ओठ हलला नाही. तीस वर्षांत हेच शिकलात.

मी सुनेला विचारलं, मग मला शिवू कशाला दिलंत? म्हणाली, आई, दोन वर्षं मशीन बंद होतं. घरात परत आवाज यायला लागला, तर बंद करा कोण म्हणणार?

नाटकी कुठली.

मग नातीनं बॅगेतून माझा कागद काढला, गुंडाळलेला होता तसाच. आजी, ही पण आली पूर्ण वाट, म्हणाली. म्हणजे माझी चड्डी तीनशे किलोमीटर गेली आणि एक टाका उसवला नाही. हे स्वतंत्र ओळीवर लिहा.

आणि दोनशे दहावर कशाला थांबलीस, विचारलं. झाडामागे गेले, हूक सोडला, पोटभर पाणी प्यायले आणि निघाले, म्हणाली. हे सांगता सांगता कार्टी समोरच्या लाकडी खुर्चीवर बसली. मांडी घालून! तीनशे किलोमीटरनंतर. मी अडीच तास गेले, तेही जागच्या जागी, आणि अजून बसायला सहा दिवस आहेत असं तुम्हीच म्हणता.

बास. वही मिटा. आता मी पालथी पडणार. घरभेदीपणाचा दंड म्हणून, वर गेलात की आजचं जेवण तुम्ही पाठवा. सूप नको, पालथ्या माणसाच्या नाकात जातं. पावाचे लहान तुकडे, उकडलेली अंडी सोलून, केळी. आणि नातीसाठी वेगळं ताट, भरपूर, वाढून खुर्चीपाशी.