तुमच्या भावाचा दम

कांजूरमार्ग (पूर्व),
विसर्जनानंतरचा रविवार

ती. माणिकवन्संना रुक्मिणीचा खाली वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? (वाकते मी आणि कळ तुमच्या गुडघ्यात, असं होऊ नये म्हणून आधीच विचारलं.) म्हैस व्याली का, मागच्या पडवीची कौलं बसवून झाली का, तेही सवडीने कळवा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. 'ठीक' म्हणजे नेमकं काय ते पुढे लिहिते, पण घाबरू नका आणि उभ्याने वाचू नका. फोनच केला असता, पण आमच्या दीड खोलीत फोनवर बोललेलं भिंतींना आणि तुमच्या भावाला एकदमच ऐकू येतं. आत्ता हे खाली चालायला गेलेत, पण एवढं सगळं फोनवर मावायचं नाही, म्हणून तेवढ्यात लिहून घेते. एरवी मी यांना 'हे' म्हणते आणि रागावले की 'तुमचा भाऊ' म्हणते, हे तुम्हाला ठाऊक आहे. या पत्रात तुमचा भाऊ जरा जास्त वेळा येईल, सांभाळून घ्या.

दम्याचं तुमच्या भाचीने, निधीने, तुम्हाला फोनवर सांगितलं, पण तिने सांगितलं ते ऑफिसच्या भाषेत, चार वाक्यांत. खरी गोष्ट हिवाळ्यापासूनची आहे. यांना खोकला होता, पण 'खोकला' म्हटलेलं चालत नसे, 'घसा साफ करतोय' म्हणायचं. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर हे थांबत आणि भिंतीवरची सोसायटीची नोटीस वाचत उभे राहत. (एकच नोटीस. टाकी धुण्याची. गेल्या दिवाळीतली.) मला वाटायचं, रिटायर झालेल्या माणसाला वाचनाची आवड लागली. शेवटी निधीने त्यांना डॉक्टर रोशनींकडे नेलं. पोरगीच आहे, निधीएवढी, पण जिभेला धार. तिथे एका नळीत जोरात फुंकायचं असतं. ती ओरडत होती, "फुंका काका, अजून, अजून, सोडू नका!" आणि यांना वाटलं ही स्पर्धाच आहे. डोळे बाहेर येईस्तोवर फुंकलं आणि मग विजयी चेहऱ्याने विचारलं, "किती आले?" तर यंत्राचं म्हणणं पडलं की ही फुफ्फुसं तुमच्याहून बरीच म्हातारी आहेत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मशीन जुनं आहे त्यांचं."

यांना लागलं ते का, हे तुमच्याशिवाय कोणाला कळणार? लहानपणी विहिरीत बुडी मारून सगळ्यांत शेवटी वर येणारा पोरगा तो. इथेही गणपतीत खालच्या पार्किंगमध्ये आरत्या असतात आणि त्यांतल्या एका आरतीत एक शब्द दम संपेपर्यंत ताणायचा असतो, ते तुमच्याकडे वाडीतही चालतंच. आमच्या बिल्डिंगमध्ये तो मान यांचा. यांच्याशी टक्कर देणारा एकच, बी विंगमधले प्रीतम पाटकर. एरवी यांचे जिवलग मित्र, गणपतीचे दिवस तेवढे वैरी. गिरणीच्या चाळीतून आम्ही इथे आलो तेव्हा या बिल्डिंगमध्ये यांना कोणी ओळखत नव्हतं. पहिल्याच गणपतीत तो शब्द ताणला आणि दुसऱ्या दिवसापासून दूधवालासुद्धा 'काका' म्हणायला लागला. त्या माणसाला आता सांगा, तुला दम लागतो.

तर डॉक्टरीणबाईंनी दोन पंप दिले. निळा अडचणीच्या वेळी ओढायचा आणि तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. निधीने शिकवलं: आधी श्वास सोडा, पंप तोंडात धरा, दाबा आणि त्याच वेळी आत ओढा. तुमच्या भावाने पहिल्यांदा पंपात फुंकलं. दुसऱ्यांदा दाबलं आधी आणि तोंड उघडलं नंतर, औषध गेलं मिशीत. तिसऱ्यांदा सगळं जमलं, पण आनंदाने "जमलं!" म्हणाले आणि औषध पुन्हा बाहेर. मग मध्ये लावायची प्लास्टिकची नळी आणली, तेव्हा कुठे औषधाला फुफ्फुसाचा पत्ता सापडला. पण शेजारी ऐकू जाईल म्हणून हे पंप ओढायचे मोरीत, नळ सोडून. (आमच्याकडे पाणी सकाळीच तासभर येतं. त्या तासात मी कपडे धुऊ की यांची अब्रू?) आणि पंप लपवायचे कुठे, तर तांदळाच्या डब्यात. एकदा भात टाकताना निळा पंप कुकरमध्ये जाता जाता वाचला.

मीही गप्प बसले नाही, हे कबूल करते. जुनी कापसाची गादी काढली, पडदे उतरवले, देवापुढची उदबत्ती बंद केली. (देवाला सांगितलं, तुमच्या भक्तासाठी करतेय, राग मानू नका.) मिरचीची फोडणी दार लावून, पंखा सोडून. मसाला भाजायचा तो यंदा डंकावरूनच भाजून आणला. वारा फिरला आणि डम्पिंगच्या कचऱ्याचा वास आला की खिडक्या बंद. काही दिवस तर मी यांना इतक्या वेळा "कसं वाटतंय?" विचारलं, की हे म्हणाले, "रुक्मिणी, दमा मला आहे, पण श्वास तू धरून बसल्येस." खरंच होतं ते. झोपल्यावर यांची छाती वरखाली होताना बघत मी पडून राहायचे. पण पावसाळा लागेपर्यंत हे इतके छान झाले, वन्सं, की नोटीस न वाचता चौथा मजला गाठायला लागले.

आणि तिथेच घात झाला. बरं वाटलं म्हणून तपकिरी पंप बंद केला. कोणाला न सांगता. मी विचारलं की "झाला घेऊन", आणि नळ सोडलेला ऐकू यायचा, त्यामुळे मी निश्चिंत.

पाचव्या दिवशीची आरती. खाली माणसं दाटलेली, कापूर, धूप, वर पताका, हवा म्हणून नाही. नेमका तो शब्द आला. यांनी हात वर केला, डोळे मिटले आणि सूर धरला. प्रीतमभावजींनीही धरला. टाळ थांबले, सगळे कौतुकाने बघू लागले. प्रीतमभावजींचा सूर सुटला. हे अजून हात वर करून उभेच. आवाज येत नव्हता, पण लोकांना वाटलं सूर बारीक लावलाय! पोरांनी शिट्ट्या मारल्या, कोणी ओरडलं, "काका, झकास!" मी बायकांत मागे उभी होते. मला यांचा गळा दिसला. गळ्याखालची खळगी आत आत जात होती आणि खांदे कानाशी आले होते. मी आरतीचं ताट कोणाच्या तरी हातात कोंबलं आणि वाट काढत पुढे गेले. यांना खुर्चीत बसवलं, पुढे वाकवलं, आणि ओरडले, "पंप! पंप आणा कोणी तरी!"

वन्सं, आमचा वॉचमन प्रामाणिक माणूस आहे. तो धावत गेला आणि त्याने टाकीच्या पाण्याचा पंप चालू केला. दुसरा एक जण सायकलचा घेऊन आला. मी मात्र रडत होते, कारण आमचा पंप चौथ्या मजल्यावर तांदळात होता आणि यांचे ओठ निळसर व्हायला लागले होते.

तेव्हा प्रीतमभावजी पुढे आले. क्षणभर थांबले, सगळ्यांकडे बघितलं, आणि झब्ब्याच्या खिशातून निळा पंप काढला. अगदी यांच्यासारखाच. "वहिनी, हा घ्या. माझा आहे." पंपाचं तोंड पदराने पुसून मी तो यांच्या ओठांत धरला, आणि भावजी गुडघ्यावर बसून यांना म्हणत होते, "चंदू, सोड... आता ओढ. धरून ठेव. सावकाश, यार. घाई कसली?" चार-पाच वेळा दिला. हळूहळू खांदे खाली आले. यांनी डोळे उघडले आणि पहिला शब्द काय काढला असेल? "कोण जिंकलं?" भावजी म्हणाले, "तूच रे." आणि दोघंही रडले. मग वॉचमनला आठवण झाली आणि त्याने टाकी ओसंडताना मोटर बंद केली.

तसेच रिक्षाने दवाखान्यात नेलं. वाफेचं औषध दिलं, छाती मोकळी होईपर्यंत बसवून ठेवलं. डॉक्टरीणबाई यांना म्हणाल्या, "काका, पंप सोडून बरे नव्हता झालात. पंपामुळे बरे झाला होतात." आणि मग मला म्हणाल्या, "काकू, निळा पंप माणसाच्या खिशात पाहिजे, तांदळात नको." आता यांचा पंप सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी असतो, दिसेल असा. विसर्जनाला दोघा मित्रांनी आरतीला बसून टाळ वाजवले. शब्द ताणायचं काम पोरांवर सोपवलं. पोरांना काही जमत नाही, असं दोघांचं एकमत झालंय, त्यामुळे वैरही मिटलं.

असो. पत्र लांबलं. निधीचा नमस्कार. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि म्हशीला कुरवाळा.

तुमची,
रुक्मिणी

ता. क. तुम्ही पाठवलेला अडुळशाचा काढा पोचला, घेतातही. पण खरं सांगायचं तर पत्र यासाठीच लिहिलं. श्रावणात तुम्ही यांना फोनवर म्हणालात ना, "पंपाची सवय लागता रे बाबा, मगे सुटणा नाय", त्या दिवसापासून तपकिरी पंप बंद झाला होता. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, तुम्ही मायेने म्हणालात. पण आता पुन्हा सुरू केलाय तोही "अक्काला विचारून बघतो" असं म्हणत म्हणतच घेतात. डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. आई गेल्यावर तुम्ही यांना वाढवलंत, तुमचा एक शब्द पुरेल. तेवढा फोन करा आणि खडसावून सांगा, पंप रोज घे म्हणून. मी पत्र लिहिलं हे मात्र कळू देऊ नका.

दुसरा ता. क. पाकीट घट्ट चिकटवलंय. पोस्टात टाकायला यांच्याकडेच देते, जाताजाता चालणंही होईल.

(यापुढचं अक्षर वेगळं आहे.)

अक्का,

पाकीट मी चायच्या वाफेर उघडलंय. हिका सांगू नको. हिना लिवलेला सगळा खरा, फक्त मी रडलंय नाय. डोळ्यांत धूप गेलो होतो.

पण एक गजाल माका हिका सांगूक जमाक नाय. श्रावणात तू माका पंपाबद्दल सांगी होतंस, तेव्हा दर दोन शब्दांनी थांबत होतंस. तुझ्या छातीतली शिटी माका हयपर्यंत ऐकाक येय होती. तेव्हा माका वाटला, फोन खराब आसा. आता त्या आवाजाची माका बरीच वळख झाली हा. तू पण पडवीत बसान कौला मोजतस काय गे?

मी पुढच्या आयतवारी येतंय, तुका घेवन जातंय. नाय म्हणू नको, तिकीट काढलंय. तुका आठवता? लहानपणी माका ताप इलो की कडू औषद आदी तू पिय होतंस, मगे माका दीय होतंस. मी बघी होतंय, तुझा तोंड वाकडा जाता काय तां. तू कधी वाकडा केलंस नाय.

ह्या खेपेक मी आदी घेतंय. तू मागसून घे.

चंदू