जाड वायर

रविवार, कोरेगाव

अल्टरनेटरकडून बॅटरीला जाणारी वायर बारीक, म्हणून गाडीचे दिवे मंद. या सबबीवर मी सासुरवाडीहून, पलूसहून, घरी यायला नेहमी उजेडातच निघायचो. सासऱ्यांच्या कविता रात्रीच्या जेवणानंतर सुरू होतात.

आज मेहुण्याने न विचारता वायर बदलली. बोटाएवढी जाड. एवढी जाड कशाला?

“दाजी, लाइट बघा कशी पडतीया. आता जेवूनच जायचं.”

“आणि ही वायर तापली तर?”

“एवढी जाड वायर तापत न्हाई. तुमी बसा निवांत.”

बायको खाली बघून हसत होती. तिला माझे खरे कारण आधीपासून कळले होते का?

बसलो. ऐकल्या. शेवटची कविता मात्र खरोखर चांगली निघाली. तसे बोलून गेलो. का बोललो?

सासऱ्यांनी वहीचे पहिले पान काढले. मग म्हणाले, “तर मग पयल्यापास्नं परत ऐका, पाव्हणं.”