छत्त्यातली जागा

अम्मी, काल मी छत्त्यातलं आपलं दुकान हलवलं.

डोंगर चढून आलेल्या माणसाला देवीच्या दारापर्यंत सावलीतून नेणारी ती जुनी दगडी वाट. वर दगडाचंच छत, म्हणून सगळे तिला छत्ता म्हणायचे. आतल्या वळणावर तू बांगड्यांची टोपली घेऊन बसायचीस आणि मी तुझ्या पाठीला टेकून. गारा पडल्या तो दिवस मला अजून दिसतो. यात्रेकरू आत दाटलेत, आणि अहमदपूरकडची एक तरुण बाई तुझ्यासमोर उभी आहे, मनगटं उघडी. "दे माय हात," तू म्हणतेस. "मला न्हाई चालत, मामी. मालक गेले." मागून तिची सासू म्हणते, "तुमाला काय कळतंय आमच्यातलं?" तू मान वर करत नाहीस. "हात तिचा हाय. तिलाच इचारू की." शेवटी त्या बाईनं हात पुढं केला. तू हिरव्या बांगड्या भरल्यास, ती रडायला लागली, आणि सासूनंच तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

परवा काही पोरं आली. गावातलीच. एकाच्या आईला डोहाळजेवणाच्या बांगड्या तूच भरल्या होत्यास. बोलला तोच. आरडाओरडा नाही, काही नाही. "मावशी, वाईट वाटून घेऊ नका, पण छत्त्यात आता आपल्याच लोकांची दुकानं ठेवायचं ठरलंय." 'आपल्याच' म्हणताना तो खांबाकडं बघून राहिला होता. मी विचारलं, "तुझी आई काय म्हणती?" "तिला न्हाई सांगितलं." पण तिला कळलं असावं. काल सामान उतरवताना ती आली, एक टोपली डोक्यावर घेतली आणि पायथ्यापर्यंत माझ्यासोबत चालली.

आता एसटी थांब्याजवळ ताडपत्रीखाली बसते. दुपारी काच इतकी तापते की बांगडी बोटांत धरवत नाही. आज सकाळी एक बाई हात माझ्या हातात देऊन लेकीच्या सासरचं सांगत होती. मधेच म्हणाली, "मामी, नाव काय तुमचं?" मी शेजारच्या फुलवालीचं नाव सांगितलं. विचारही केला नाही, तोंडातून गेलंच. "चांगलं नाव हाय," ती म्हणाली.

हे लिहितेय खरं, पण तुला वाचता येत नव्हतं, अम्मी. आज पहिल्यांदा त्याचं बरं वाटतंय.