उत्तरेकडची कूस

देऊळघाट

प्रिय काजल,

दुसरीही मुलगीच झाली म्हणून बाबा पाहायला आले नाहीत, असं तू धरून बसलीस. फोनवर दोन शब्द बोलून ठेवून देतेस. मला तिथं काही सांगता येत नाही, कारण हे शेजारीच कान टवकारून बसलेले असतात. या माणसापुढं मी हात टेकलेत बाई.

पोळ्यापासून त्यांना चक्कर येते. कूस बदलली की घर गरगरतं, भिंत धरून न्हाणीत जातात. तुला कळू द्यायचं नाही अशी मला ताकीद. मेहकरच्या डॉक्टरांनी फिजिओथेरपीवाल्या अनुपमाताईंकडं पाठवलं. कानाच्या आतले बारीक कण जागचे हललेत, व्यायामानं बरं होईल, म्हणाल्या. खाटेच्या कडेला बसायचं, एका कुशीवर पडायचं, गरगर थांबली की उठायचं, मग दुसऱ्या कुशीवर. यात अवघड काय आहे, तूच सांग.

रोज विचारलं की म्हणत, हाव, केला. फरक मात्र काडीचा नाही. वर त्या अनुपमाताईंनाच नावं ठेवायची, लोळून कुठं आजार जातो का म्हणून. शेवटी मागच्या आठवड्यात मी दारात उभी राहून पाहिलं. हे फक्त उजव्या कुशीवर पडत होते! डावीकडं पडलं की डोकं उत्तरेला येतं ना. मी ओरडले तर मलाच म्हणतात, "उत्तरेले डोकं मुडद्याचं करतात. मले काऊन पाडून राह्यली तिकडं?" अगं, मग खाट फिरवायची. मीच ओढून आडवी केली. डावीकडं पडले तेव्हा भीतीनं माझं मनगट असं आवळलं की दोन बांगड्या वाढल्या. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

तेव्हापासून दोन्ही कुशींवर पडतात, आणि चक्कर पुष्कळ कमी आहे. आज सकाळी चहा घेऊन गेले तर हे उशी छातीशी धरून खोलीत हळूहळू फेऱ्या मारत होते. एक हात उशीच्या टोकाखाली, तान्ह्या बाळाच्या मानेखाली धरतात तसा. मला पाहून वरमले. म्हणाले, "हातातून पोरगी पडली असती त काजलले काय तोंड दाखवलं असतं?" एवढंच कारण होतं, आणि तेवढं तुला सांगायला यांची जीभ रेटत नव्हती. म्हणून त्यांच्या चोरून हे लिहिते आहे. बारसं थोडं पुढं ढकल, आम्ही दोघं लोणारला येतो. आल्यावर त्यांना आधी भिंतीला टेकून बसव आणि मगच पोर मांडीवर दे.

तुझीच,
वैतागलेली आई