प्राचीसाठी प्रायमिंग टूल

रवि. ४ जून २००६

जीनच्या अंगठ्याचं ऑपरेशन ठरलं, तेरा तारखेला. नंतर सहा आठवडे हात स्प्लिंटमध्ये. आमच्या रायफल क्लबची कॅप्टन, वय सत्तर, गेली चाळीस वर्षं स्वतःच्या गोळ्या स्वतः भरते. आता प्रायमिंग टूलचा लिव्हर दाबवत नाही. रेंजवर चहा पिताना म्हणाली, रिकाम्या पुंगळ्यांच्या बुडात प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी बारकी वाटी, बसवून द्यायला कुणीतरी लागेल.

मी कप खाली ठेवेपर्यंत तिने प्राचीकडे बघितलं. "यू विल डू इट फॉर मी, वोन्ट यू, मी डक?"

प्राची! जिला क्लबमध्ये मी आणली. जी प्रायमरला अजून टिकल्या म्हणते, दिवाळीतल्या पिस्तुलाच्या. हाउसमेट, सेम ऑफिस, सेम बस, आता सेम हॉबी. मी एनसीसीपासून शूट करतेय. ही मागच्या ऑगस्टमध्ये "संडेला बोअर होऊन राहिली, येते तुझ्यासोबत" म्हणून आली.

तिला 'मी डक', इथल्या गावठी इंग्रजीत 'माझं पिल्लू'. मला 'डिअर'. आणि मी अ‍ॅना. अनघा म्हणता येत नाही म्हणे. प्राची बरोब्बर म्हणता येतं, 'च'सकट.

गुरु. ८ जून

लंचमध्ये परत कॅटलॉग. हँड प्रायमिंग टूल घ्यायचंय मला, तीन महिने झाले, ठरत नाही. १) प्लास्टिकचं, गोल ट्रे. हलकं, स्वस्त, पण फोरमवर सगळे म्हणतात झिजतं लवकर. २) मेटलचं, चौकोनी ट्रे. जड. हँडल मस्त. ३) अमेरिकेतलं, किती खोल बसवायचं ते क्लिक-क्लिकने सेट होतं. फार महाग.

खरं तर हवंय जीनचं. काळं, ट्रे-बिरे काही नाही, एक एक प्रायमर हाताने ठेवायचा. आपल्याहून म्हातारं. हँडलवरचा पेंट तिच्या मुठीच्या शेपमध्ये गेलाय. ते आता प्रा., म्हणजे प्राची, वापरणार.

रवि. ११ जून

आज जीनच्या किचनमध्ये. मला म्हणाली, "अ‍ॅना, यू रीड एव्हरीथिंग, डिअर. हिला दाखव ना सगळं पहिल्यापासून."

म्हणजे मी टीचर. ठीक.

दाखवलं. टूल कसं धरायचं, लिव्हर तळहाताने दाबायचा, प्रायमर बसला की हाताला कसं कळतं. वर राहिला तर रायफल नुसती क्लिक करते, गोळी उडत नाही, म्हणून शेवटी प्रत्येक पुंगळीच्या बुडावर बोट फिरवून बघायचं. सगळं सांगितलं. एक सोडून.

पुंगळीच्या बुडात प्रायमरचा खिसा असतो. प्रत्येक फायरिंगनंतर त्यात काजळी धरते. ती खरवडून काढायची, नाहीतर साठत जाते आणि प्रायमर पूर्ण आत जात नाही. फार बेसिक आहे.

जिभेवर आलं होतं. तेवढ्यात प्रा. म्हणाली, "झालं? एवढंच? तुम्ही पुणेकर कशातही पीएचडी करता बे." आणि जीन किटलीजवळून मोठ्याने हसली. मराठी कळत नाही तिला, तरी हसली. दोघी हसत होत्या.

मी म्हटलं, हो, एवढंच.

विसरले नव्हते. स्क्रेपर माझ्या डब्यात होता. मी डबा बंद केला.

रवि. २ जुलै

उकाडा. रेंजवर गवत पिवळं पडलंय.

काही झालं नाही. प्रा.ने भरलेल्या सगळ्या गोळ्या व्यवस्थित उडाल्या. या बॅचच्या पुंगळ्या जीननेच आधी खरवडून ठेवलेल्या, त्यामुळे. म्हणजे प्रॉब्लेम नाहीच. उगाच टेन्शन.

पण तिचं टार्गेट! पाच शॉट्स, वर दोन पाउंडचं नाणं ठेवलं तर झाकतील. माझे पाच बशीभर. आणि रायफल जीनची. हो, जीनने पोलिसांकडून स्वतःच्या रायफलवर प्रा.चं नाव घालून घेतलं, आता ती दोघींच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे परवान्यावर. मला माझी सेकंडहँड शोधायला पाच महिने लागले.

सप्टेंबरमध्ये लेडीज पेअर्स आहे. जीन आणि एक पार्टनर. ६ ऑगस्टच्या क्लब शूटमध्ये माझा किंवा प्राचीचा, जिचा स्कोअर जास्त ती. जीनने तसं सरळ सांगितलं. पण सांगताना बघत कुणाकडे होती?

बुध. १९ जुलै

घरात भट्टी. प्रा. किचन टेबलवर टूल घेऊन बसलेली, पाय थंड पाण्याच्या टबमध्ये. त्याच पुंगळ्या, आता तिसऱ्यांदा.

"अनघा, काही टिकल्या अडकून राहिल्या गं. जोर लावला की बसतात."

बोट फिरवलं. चार-पाच किंचित वर. तिला कळत नव्हतं, मला कळलं.

मी काय म्हटलं? "जुनं टूल आहे, झिजलं असेल." हे माझ्या तोंडून. इतक्या सहज.

"मग चालेल ना?"

"चालेल."

रात्री झोप नाही आली एवढंच.

शनि. ५ ऑगस्ट

आज तीनदा सांगायचं ठरवलं. सकाळी चहाला. मग टेस्कोत. मग ती फोनवर आईला सांगत होती, "जीन म्हणते माझा हात चांगला आहे." नागपूरला बातमी पोचली, हिचा हात चांगला आहे! माझा हात कुणी बघितलाय?

नाही सांगितलं.

रवि. ६ ऑगस्ट

मी जिंकले. दोन पॉइंट्सनी.

तिच्या चौथ्या शॉटला क्लिक. नुसती क्लिक. रेंज ऑफिसर ओरडला, थांब, नळी समोर, तीस सेकंद, गोळी कधी उशिराही उडते. ती तशीच आडवी पडून, गाल रायफलला. पाठ हलत होती तेवढी दिसली. मग सातव्याला परत. शेवटचे दोन घाईत मारले, टाइम संपत आला होता. बाहेर.

मी बाजूच्याच मॅटवर. तिच्या क्लिकनंतरचा माझा शॉट बुल, अगदी मधोमध. खोटं कशाला लिहू, हात अजिबात हलला नाही.

नंतर मिठी मारली तिने. "काँग्रॅट्स, पुणेकर. समोसे तुझ्याकडून."

जीनने उरलेल्या गोळ्यांवर डाव्या हाताचं बोट फिरवलं. चेहरा पडला. पुंगळीत बघितलं नाही, टूलकडे बघितलं. म्हणाली, "इट्स मी. झिजलेलं टूल दिलं मी पोरीला. तिच्या तोंडाजवळ काही झालं असतं तर?" डोळ्यांत पाणी. जीनच्या! मग मला: "तुला सगळी गॅजेट्स माहीत आहेत, डिअर. तिच्यासाठी एक चांगलं निवड. माझ्याकडून प्रेझेंट."

शनि. १२ ऑगस्ट

गन शॉप. तीनही काउंटरवर मांडून घेतली. मी दहा मिनिटं लेक्चर दिलं. प्लास्टिकचं तिच्या छोट्या हातात छान बसत होतं पण लिव्हर लूज. अमेरिकेतलं उत्तम, पण स्प्रिंग इतकी कडक की फील येत नाही. मेटलचं बॅलन्स्ड. दुकानदार म्हणाला, "शी नोज हर स्टफ." एरवी मी हवेत गेले असते.

प्रा.ने एकही प्रश्न विचारला नाही. "तू म्हणशील ते."

मेटलचं घेतलं. जे मला हवं होतं तेच. माझं निवडून होईना पाच महिने, तिच्यासाठी दहा मिनिटांत झालं. बसमध्ये बॅगेतून डोकावणारा खोका बघत बसले. तिला प्रेझेंट. मला नुसती कॅटलॉगातली लिस्ट.

जीनचं जुनं ती फेकणार होती. मी मागितलं. "इट्स नो गुड, डिअर, पण घे."

बुध. १६ ऑगस्ट

माझ्या खरवडलेल्या पुंगळ्या, जीनचं जुनं टूल. पन्नासपैकी पन्नास खाली. बोटाला काही लागत नाही.

काहीही झिजलेलं नाही. माहीतच होतं.

रवि. २० ऑगस्ट

सकाळपासून प्रा.च्या खोलीतून नव्या टूलचा आवाज. खट. खट. मग थांबून, जोर लावून, खट्.

दोनला दारात आली. हातात टूल, तळहात लाल.

"हे पण तसंच करून राहिलंय. म्हणजे टूल नाही, मीच."

"तसं नसतं गं."

"नाही, मी ठरवलं. जीनला आज सांगते, मला नाही जमत. रायफलवरचं नाव काढून टाक म्हणते. उगाच तिचा जीव वरखाली. तू आहेस ना तिला."

तू आहेस ना तिला. हेच तर हवं होतं. जूनपासून, एवढंच.

मी म्हटलं, थांब जरा. ती म्हणाली, काय थांबू? आणि ती कांदा चिरायला खाली गेली. जीन चारला चहाला येतेय, स्प्लिंट निघाल्यापासून पहिल्यांदा स्वतः ड्राइव्ह करून.

आता सव्वातीन. खाली जाऊन सांगायला एक वाक्य लागतं. पण मग ११ जून पण सांगायला लागेल, १९ जुलै पण, आणि दोन पॉइंट्स. प्रा. कदाचित हसेल. जीन नाही हसणार. पेअर्सची जागा तर गेलीच, पण त्यानंतर ती माझ्याकडे कशी बघेल ते मला इथे बसून दिसतंय.

नाही सांगितलं, तर सप्टेंबरमध्ये जीनच्या शेजारच्या मॅटवर मी. तिचा बरा झालेला हात, माझा. प्रा. घरी.

आणि खरं लिहायचं तर अजूनही, या मिनिटाला, मला ती मॅट हवीय.

खालून हाक मारतेय, "अनघा, जीनला पोह्यात मिरची चालते का गं?"

जाते खाली.