राणीच्या नाकावरचं तांबं

सोमवार, उद्या धनतेरस

आज बायकोवर, शालूवर ओरडलोच. पूजेचा राणीछाप रुपया तिनं चिंचेनं घासून ठेवला. जुनं नाणं घासलं की किंमत जाते, हे किती वेळा सांगितलं! म्हणाली, "मंग काय काळा रुपया ठेवू लक्ष्मीपुढं? तुमच्या आई बी दरसाल घासत होत्या."

हातात घेतला तर राणीचं नाक लाल. दारात उजेडात नेलं, तरी लालच. चांदी घासून तांबं कसं निघेल? वाजवून पाहिला, आवाज बद्द. म्हणजे वरून नुसता मुलामा. खोटा.

आईच्या मागं भांडी वाटली तेव्हा हा रुपया मीच मागून घेतला होता. वरठीला राहणाऱ्या थोरल्या दादानं पाणी भरायचा तांब्याचा गुंड उचलला. मनात हसलो होतो मी त्याला.

संध्याकाळी त्याला फोन केला. म्हणाला, "नाक लाल झालं का? माह्या लहानपणी बी झालं होतं. आईनं सोनाराकडून चांदी चढवून घेतली होती."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तू एवढ्या हौसेनं मागून राहिला होता. म्हटलं, नाण्याची पारख तर तुलेच हाय."