एक बोट

कॉर्क, २८ एप्रिल २००३

ती. दादास,
सा. न. वि. वि. म्हणजे या वेळी विनंती वगैरे काही नाही, सरळ तक्रारच आहे.

तू ईमेल उघडत नाहीस म्हणून हातानं लिहितेय. रागाच्या भरात पेन दोनदा कागदातून आरपार गेलंय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

शनिवारी आमच्या टीमची सीझनमधली दुसरीच मॅच होती, एनिसवाल्यांशी. चार पॉइंटांनी हरलो, आणि अख्ख्या टीमचं मत असं की मी हरवलं. ९८ साली मेलबर्नला तुझ्याकडे आलो आणि तुझ्या या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं खूळ दोघंही घेऊन आलो, त्याची फळं भोगतेय. यशोधन खेळतो. मी खांबांमागे अंपायर म्हणून उभी राहते.

शेवटच्या मिनिटाला एनिस अठ्ठावन्न, आम्ही त्रेपन्न. यशोधननं लांबून बॉल मारला आणि लगेच वेळ संपल्याचा हॉर्न वाजला. हॉर्न म्हणजे डेक्लनच्या, आमच्या कोचच्या, व्हॅनचा. आमचा सायरन तोच. बॉल मधल्या दोन खांबांतून स्वच्छ गेला असता तर सहा पॉइंट, आम्ही जिंकलो. खांबाला चाटून गेला तर एकच. आणि तो चाटून गेला, दादा. तूच शिकवलं होतंस की खांबाखाली आधी कान द्यायचे, मग डोळे. वारा सुटला होता तरी मी ऐकलं. टण्ण. गोल असता तर दोन बोटं दाखवायची. मी एक दाखवलं.

झालं! इथली गेलिक फुटबॉल खेळणारी आयरिश पोरं ओरडायला लागली की खांबाला लागून आत गेला तर बिघडलं कुठे, त्यांच्या खेळात चालतं. त्यांना सोडून देते, त्यांना नियमच माहीत नाही. पण माझा नवरा! हात पसरत धावत आला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं की डोळे आहेत की भोकं. नंतर पबमध्ये दीड तास हाच विषय. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लागोपाठ पाच गोल खाल्ले, त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. यशोधननं हातात आलेले तीन कॅच सोडले, त्यावरही नाही.

रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात मी क्वालिटीत आणि तो शेजारच्या कंपनीत प्रॉडक्शनला. तर घरी येऊन म्हणतो कसा, की तुला चांगली बॅच अडवायची सवयच लागलीय. मी अडवलेली एक तरी बॅच चांगली निघालीय का, ते विचार त्याला.

डेक्लनची मुलगी आमच्या निधीच्याच वर्गात आहे. आज निधी शाळेतून आली आणि तिच्या त्या कॉर्की इंग्रजीत विचारलं की मॅम, तू खोटं बोललीस का. आठ वर्षांची पोर, दादा! मी बशा प्रेसमध्ये ठेवत होते (इथे कपाटाला प्रेस म्हणतात), एक फुटलीच.

अठरा मेच्या मॅचआधी मीटिंग आहे. मला ठेवायचं की काढायचं, ते ठरणार. आमचा इथला मित्र जयेश, त्यानं मॅच कॅमेऱ्यावर घेतलीय, ती टेप यशोधन तुला पाठवतोय. बघ. पण बहीण म्हणून माझी बाजू घेतलीस तर याद राख.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, या वेळी न्याय असावा.

तुझी,
रेवती

•

कॉर्क, २९ एप्रिल २००३

ती. उपेंद्रदादांस,
सा. न. वि. वि.

सोबत टेप आहे. सौ.चं पत्र पोचेलच, म्हणजे मी आधीच खलनायक ठरलेला असणार.

दादा, मी छत्तीस वर्षांचा आहे. तीन सीझन या टीमबरोबर चिखलात लोळतोय आणि आजवर माझ्या नावावर एकही गोल नाही. सगळे प्रेमानं चिडवतात, जयेश तर माझ्या पायाची पत्रिका बघायला निघालाय. शनिवारी पन्नास मीटरवरून मी जो बॉल मारला, तसा पुन्हा माझ्या हातून, म्हणजे पायातून, होणार नाही. तो आत गेला. खांबापासून चांगला वीतभर आतून गेला. आणि तो नाकारला कुणी? परक्यानं नाही. सकाळी ज्या माणसाला मी डबा भरून दिला, तिनं!

आपण तिकडे दर शनिवारी खांबांमागे उभे राहता. टेप बघून निःपक्षपातीपणे निकाल द्यावा. आपला शब्द इथे सगळे मानतील, मीही मानेन. घरी ती जेवायला वाढते, पण ‘आमटी’ याखेरीज शब्द नाही. तोही विचारण्यासाठी नाही, नुसता जाहीर करते.

हरल्याचं दुःख नाही, अन्यायाचं आहे. आपला लोभ या मॅचनंतरही टिकावा, एवढंच मागणं.

आपला,
यशोधन

•

मेलबर्न, ९ मे २००३

श्री. यशोधनराव यांस,
स. न. वि. वि.

टेप मिळाली. अकरा वेळा बघितली. बायको म्हणाली की लग्नाची कॅसेटसुद्धा मी कधी इतकी बघितली नव्हती.

आधी मॅचचं सांगतो, कारण तेच कुणी तुम्हाला सांगत नाहीये. ही मॅच तुम्ही शेवटच्या मिनिटाला हरला नाहीत. तिसऱ्या क्वार्टरमध्ये वारा तोंडावर असताना तुमची माणसं बॉल उंच मारत होती आणि तो परत त्यांच्याच डोक्यावर येत होता. पाच गोल तिथे गेले. मागे एक माणूस राहायचा सोडून सगळे पुढे धावले, त्यांत सगळ्यात पुढे तुम्ही. डेक्लनला कोच कुणी केलं?

आता बॉलबद्दल. तो खांबाला लागला की नाही, ते टेपमध्ये दिसत नाही. ऐन वेळी कुणाची तरी छत्री मध्ये आलीय आणि आवाज म्हणाल तर नुसता वारा. त्यावरून मी निकाल देऊ शकत नाही.

पण जयेशचा कॅमेरा तुमच्यावर होता, बॉलवर नव्हता. तुम्ही स्वच्छ दिसता. बॉल खांबांपाशी पोचतो आणि तुम्ही दोन्ही हात डोक्यावर मारून घेता. मान खाली घालता. त्यानंतर, यशोधनराव, त्यानंतर छत्री बाजूला होते आणि मागे रेवतीचं बोट वर जातं. ते दिसल्यावर तुम्ही मान वर करता, हात पसरता आणि तिच्या अंगावर धावून जाता.

आत गेलेल्या बॉलसाठी कुणी डोक्याला हात लावत नाही. तुम्ही पाहिलं होतंत. तिच्या आधी पाहिलं होतंत. पहिला गोल हवा होता हे मी समजू शकतो, पण तो बायकोच्या खरेपणावर पाय देऊन हवा होता का? पोरगी तिला विचारते की तू खोटं बोललीस का, आणि तुम्ही शेजारी बसून आमटी ओरपता! समोर असतात तर मेव्हणा असल्याचंही बघितलं नसतं.

यातलं एक अक्षर मी रेवतीला कळवलेलं नाही. तिला फक्त टेप मिळाल्याचं कळवलं. अठरा तारखेपर्यंत वेळ आहे. त्यानंतर टेप तिच्या नावानं पोस्टात पडेल.

लोभाचं अठरानंतर बघू.

उपेंद्र

•

कॉर्क, १९ मे २००३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट शुक्रवारी त्याच्या नावानं आलं. मला दाखवलं नाही, जेवला नाही, आणि लॉनचं गवत दोनदा कापलं.

काल गाडीत बसल्या बसल्या त्यानं मागे वळून निधीला सांगितलं की आई खरं बोलत होती, बॉल लागला होता, बाबांनी पाहिला होता आणि बाबा खोटं बोलले. मराठीत सांगितलं. ती इंग्रजीतच ‘ओके’ म्हणाली आणि मग ग्राउंडपर्यंत माझा कोट धरून बसली. मीटिंगमध्ये डेक्लन अंपायरची निशाणं जयेशच्या हातात देतच होता, तेवढ्यात यशोधन उठला आणि पुन्हा तेच सगळ्यांसमोर बोलला. कुणी हसलं नाही. डेक्लन म्हणाला, ग्रँड, आणि निशाणं माझ्याकडे दिली. इथे कुणाचं घर जळलं तरी ग्रँडच.

तुला वाटेल, मिटलं. अजिबात नाही! बावीस दिवस मी समजत होते की माझ्या नवऱ्याची नजर अधू आहे. त्यावर चष्मा तरी असतो. आता कळलं की नजर उत्तम आहे. आधीपेक्षा दुप्पट राग आलाय, दादा. परत येताना त्यानं तीनदा सॉरी म्हटलं, मी तिन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं.

मॅचही हरलोच, एकतीस पॉइंटांनी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पुन्हा उंच बॉल, पुन्हा सगळे पुढे. त्यानं टीमला सांगितलेली तुझी शिकवणी फुकट गेली.

पण एक सांगायचं राहिलं. शेवटच्या क्वार्टरमध्ये त्यानं बॉल मारला, माझ्याच टोकाला. मी खांबाखाली उभी राहून कान दिला. मनापासून सांगते, आवाज यावा म्हणून देवाचा धावा करत होते. आला नाही. बॉल अगदी मधोमध गेला. तो तिकडे मान खाली घालून उभा होता, माझ्याकडे बघायचं धाडस नव्हतं. मला एका हाताची दोन बोटं दाखवावीशी वाटत होती, इथे ती सणसणीत शिवी आहे. पण नियमाप्रमाणे दोन्ही हात पुढे केले आणि एकेक बोट दाखवलं. दोन. गोल.

अजून बोलत नाहीये त्याच्याशी. पण बॉल स्वच्छ होता.

राग आहे तोवर लोभाचं तू सांभाळ.

तुझी,
रेवती